‘बंद दरवाजा’ डीव्हीडीवर पुन्हा पाहिला. जत्रेच्या तंबूत निराळाच चित्रपट दाखवला जात होता का?

सातपुडा पायथा (प्रश्नकर्ता)

मंडळी, नमस्कार.

रामसे बंधूंचा ‘बंद दरवाजा’ (१९९०) हा भयपट मी नुकताच डीव्हीडीवर पुन्हा पाहिला. तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे आणि तो जाणत्या मंडळींपुढे मांडावा असे वाटले. हा चित्रपट मी पहिल्यांदा व्हीसीडीवर पाहिला होता. आमच्या तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोरच्या दुकानात दोन सीड्यांचा संच मिळाला होता आणि तो पाहून घोर निराशा झाली होती. रामसेंच्या चित्रपटात महत्त्वाचे जे काही घडायचे ते रात्री घडते, पण त्या सीडीवर रात्र म्हणजे नुसता काळा चौकोन होता. धुके आले की चित्राचे चौकटी-चौकटींत तुकडे पडत, नेवल्याचा, म्हणजे त्यातल्या रक्तपिपासू सैतानाचा, चेहरा लाल डागासारखा दिसे, आणि ऐन भीतीच्या क्षणी पडद्याखालून जाहिरातीची पट्टी सरकत जाई.

माझे मोठे बंधू मात्र आजही ठामपणे सांगतात की इतका घट्ट बांधलेला भयपट त्यांनी दुसरा पाहिला नाही. त्यांनी तो बहिरमच्या जत्रेत, टुरिंग टॉकीजच्या तंबूत पाहिला होता. त्यांच्या आठवणीत त्यात गाणे जवळजवळ नाही, विनोद अजिबात नाही, एक भीती संपते न संपते तोच दुसरी उभी राहते. खेळ सुटल्यावर गावाकडची मंडळी संत्र्याच्या बागांमधली जवळची वाट सोडून लांबच्या डांबरी रस्त्याने घोळक्याने परतली, हेही ते आवर्जून सांगतात.

आता डीव्हीडीविषयी. परदेशातील मोंडो मकाब्रो या लहान कंपनीने हा चित्रपट ‘पुराना मंदिर’च्या (१९८४) जोडीने काढला होता आणि त्याची प्रत एका स्नेह्यांकडून पाहायला मिळाली. रात्रीची दृश्ये प्रथमच खरोखर दिसली. काळ्या पहाडीवरच्या गुहेतला तांबडा प्रकाश, धुक्यामागचा निळा रंग, वटवाघळाची सावली, अनिरुद्ध अग्रवाल यांचा तो उंच, काळ्या झग्यातला नेवला, हे सगळे पाहताना मी सावरून बसलो. सुरुवातीचा भाग तर मला फारच प्रभावी वाटला. मात्र कथा पुढच्या पिढीवर आली, तरुण मंडळींची प्रेमप्रकरणे, गाणी आणि मारामाऱ्या सुरू झाल्या आणि चित्रपट सैल पडत गेला. उत्तम प्रतीमुळे तोही भाग आता लख्ख दिसतो. पहिल्या वेळी मला रात्रीच्या दृश्यांनी निराश केले होते, या वेळी दिवसाच्या दृश्यांनी केले.

माझा प्रश्न असा की बंधूंनी पाहिलेला चित्रपट खरोखरच वेगळा होता, की तंबू, थंडी आणि कोवळे वय यांनी तो त्यांच्या मनात मोठा करून ठेवला? आणि ज्या निराशेविषयी मी बोलतो आहे, ती मूळ चित्रपटाची किती आणि तो आपल्या गावांपर्यंत ज्या स्वरूपात पोहोचला त्याची किती?

जुना ऑपरेटर

भाऊ, तुमच्या बंधूंच्या आठवणीवर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. त्यांनी पाहिला तो चित्रपट वेगळा असण्याचीच शक्यता जास्त आहे. मी टुरिंग टॉकीजच्या यंत्रावर काम केले आहे, म्हणून हे जबाबदारीने लिहितो.

३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट या वेगाने यंत्रातून जाते. हजार फुटांचे एक रीळ अकरा मिनिटांच्या आसपास चालते आणि अडीच तासांच्या चित्रपटाला साधारण साडेतेरा हजार फूट फिल्म लागते. जत्रेत सूर्य मावळल्याशिवाय पहिला खेळ लावता येत नाही, कारण तंबूला वरून छत नसे आणि उजेडात पडद्यावर काही उमटत नाही. गर्दीच्या दिवशी मालकाला रात्रीतून एक खेळ जास्त हवा असे. मग दोन किंवा तीन रिळे बाजूला ठेवली की अर्ध्या तासाच्या आसपास वेळ हाती लागे. कोणती रिळे ठेवायची हे ऑपरेटर पहिल्या दोन रात्रींत प्रेक्षकांकडे पाहून ठरवी. भयपट असेल तर लोक ज्या वेळी चहाच्या टपरीकडे उठून जात, ती गाण्यांची आणि विनोदाची रिळे पेटीतच राहत. नुसते गाणेच काढायचे असेल तर फिल्म कापून, टोकावरचा मसाल्याचा (ज्यात चित्र उमटते त्या रसायनाचा) थर पात्याने खरवडून, फिल्म जोडण्याचे सिमेंट लावून जोड दिला जाई आणि प्रिंट परत करण्याआधी तो तुकडा पुन्हा जागेवर बसवला जाई. प्रत्येक जोडाला एखाद-दुसरी चौकट गळतेच, त्यामुळे आमच्याकडे येईपर्यंत प्रिंट आपोआपच थोडी आखूड झालेली असे.

आपला विदर्भ चित्रपटव्यवसायाच्या हिशेबात सी.पी.-बेरार (मध्य प्रांत-वऱ्हाड) सर्किटमध्ये, म्हणजे वितरणक्षेत्रात, मोडतो आणि अमरावती हे त्या सर्किटचे मोठे वितरणकेंद्र. नागपूर-अमरावतीच्या टॉकीज, मग जिल्ह्याची गावे, मग तालुके, आणि सर्वांत शेवटी जत्रा, असा प्रिंटचा प्रवास होत असे. जत्रेत पोहोचलेल्या प्रिंटवर उभ्या रेघा असत, आवाजात खरखर असे. तरीही कार्बनच्या दिव्याचा पांढराशुभ्र प्रकाश फिल्ममधून जाऊन मोठ्या पडद्यावर पडला की अंधारातले बारकावे टिकून राहत. रेघा पडलेली फिल्मसुद्धा अंधाराच्या बाबतीत व्हीसीडीपेक्षा कितीतरी वरचढ असते.

हा कापाकापीचा व्यवहार नियमाला धरून नव्हता आणि दिग्दर्शकावर तो अन्याय होता, हेही नोंदवून ठेवतो. पण तुमच्या बंधूंना जो घट्टपणा जाणवला, तो पुष्कळ अंशी पेटीत राहिलेल्या रिळांमुळे आला असावा, असे माझे मत आहे.

पिक्सेल वर्धा

व्हीसीडीच्या काळ्या चौकोनाचे कारण थोडक्यात सांगतो. १९९३ साली ठरलेल्या व्हीसीडीच्या मानकात आपल्याकडच्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीचे चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे असते आणि चित्रासाठी सेकंदाला सुमारे ११५० किलोबिट एवढीच माहिती मिळते. डीव्हीडीत पाल पद्धतीने ७२० × ५७६ बिंदू मिळतात, म्हणजे सुमारे चौपट, आणि माहितीचा वेगही कितीतरी जास्त असतो. व्हीसीडीतले एमपेग-१ हे तंत्र चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन करून त्यांतला फरक साठवते. धुके आणि अंधार यांत छटा फार हळूहळू बदलतात आणि सतत हलतही राहतात. माहिती अपुरी पडली की तंत्र सर्वांत आधी याच छटांचा बळी देते, म्हणून भयपटांचे व्हीसीडीवर जेवढे नुकसान झाले तेवढे कौटुंबिक चित्रपटांचे झाले नाही.

आणखी एक गोष्ट. जुन्या ७४ मिनिटांच्या दोन सीड्यांत मिळून १४८ मिनिटे मावतात. लांब हिंदी चित्रपट तिसरी सीडी न घालता बसवायचा तर कुठेतरी कात्री लागायचीच, आणि ती लावणारा माणूस चित्रपट पाहून लावत असेलच असे नाही. जत्रेतल्या ऑपरेटरने निदान प्रेक्षकांकडे पाहून रिळे वगळली. सीडी काढणाऱ्यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

वडसा प्रकाशयोजना

जुना ऑपरेटर काकाजींचे म्हणणे मला तांत्रिकदृष्ट्या पटते, पण गाणी आणि विनोद काढून टाकल्याने चित्रपट सुधारतो, हे मला मान्य नाही.

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर प्रकाशयोजना करतो. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रेच्या, निमित्ताने नाटके सुरू होतात, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि कित्येकदा पहाटेपर्यंत खेळ चालतो. त्या नाटकात रडणे असते, लावणी असते, विनोदी पात्र असते, आणि एखादा खून किंवा भुताटकीचा प्रसंगही असतो. प्रेक्षकाला रात्रभर एकाच भावनेत बसवून ठेवता येत नाही. भीतीलाही विसावा लागतो. विनोदी नट नेमका भुताच्या प्रवेशाआधी लोकांना हसवून मोकळे करतो, म्हणून पुढचा प्रवेश अंगावर येतो. मग ‘बंद दरवाजा’त काय चुकले, तर विनोद आणि भीती यांची गाठच पडत नाही. विनोदी प्रसंग एका बाजूला संपतो, गुहेतला प्रसंग दुसऱ्या बाजूला सुरू होतो, आणि एकाचा परिणाम दुसऱ्यावर होत नाही.

दिवस आणि रात्र यांच्यातला जो फरक सातपुडा भाऊंना जाणवला, त्याचे कारण माझ्या मते पैशात आहे. रामसे कुटुंबाचा कारभार घरचा होता. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करत, गंगू रामसे कॅमेरा सांभाळत, इतर भावांनी लेखन, ध्वनी, संकलन वाटून घेतले होते. १९७२ साली ‘दो गज ज़मीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला मोजकी माणसे नेऊन चित्रित केला होता. अशा हाताला रात्र परवडते. एक दिवा मागून धुरावर सोडला, त्यावर निळा जिलेटिन कागद लावला, चेहऱ्याखाली एक लाल दिवा ठेवला आणि पंख्याने धूर हलता ठेवला, की चार खांबांची जागा गुहा वाटू लागते, कारण जे बांधलेलेच नाही ते अंधार झाकून घेतो. मी स्वतः गावच्या धानाच्या बांधीत उभारलेल्या मंचावर हेच करतो. दिवसाच्या दृश्याला मात्र खरे घर, खरे सामान, पुष्कळ माणसे आणि सकस संवाद लागतात, आणि उजेडात लपवायला काहीच उरत नाही. गंगू रामसे यांनी रात्रीच्या दृश्यांत जो जीव ओतला आहे तो पाहून मी आजही शिकतो. दिवसाच्या दृश्यांत मात्र कॅमेरा नुसता समोर ठेवलेला दिसतो. जिथे कमी पैशात काम भागते तिथे त्यांनी कसब दाखवले आणि जिथे पैसा लागतो तिथे वेळ मारून नेली, असे मला ही प्रत पाहून वाटले.

यवतमाळची शिक्षिका

सर्वांना नमस्कार. प्रिंट, सीडी आणि दिवे यांवरची चर्चा माझ्या ज्ञानात भर घालणारी आहे, परंतु माझी निराशा वेगळ्या ठिकाणची आहे आणि ती कोणत्याही प्रतीने दूर होणार नाही.

चित्रपटाची सुरुवात आठवून पाहा. ठाकूर प्रतापसिंहाच्या (विजयेंद्र घाटगे) पत्नीला मूल नाही. घरची दासी महुआ (अरुणा इराणी) तिला काळ्या पहाडीवर नेवल्याकडे घेऊन जाते आणि तिथे करार होतो की मुलगा झाला तर तो तुमचा, मुलगी झाली तर ती माझी. मी हे दृश्य प्रथम पाहिले तेव्हा नेवल्याच्या दातांपेक्षा त्या अटीने मला जास्त भ्यायला लावले. मूल नसलेल्या बाईला हळदीकुंकवाला कसे वगळले जाते, तिला कोणकोण कुठेकुठे घेऊन जाते आणि ती निमूटपणे का जाते, हे आपल्या गावांतल्या बायकांना सांगावे लागत नाही. मुलगी झाली तर ती देऊन टाकू, असे कबूल करणारी बाई पडद्यावर उभी राहते आणि तिच्या डोळ्यांत भीतीपेक्षा आशा जास्त दिसते. एवढे मोठे बीज हाती असताना पुढे त्याचे काय केले?

ती मुलगी, म्हणजे काम्या (कुनिका), मोठी होते. आपण जन्माआधीच देऊन टाकलेल्या आहोत, हे तिला कळल्यावर तिला काय वाटले असेल, आईला काय वाटत राहिले असेल, यावर एक पूर्ण चित्रपट उभा राहिला असता. प्रत्यक्षात काम्याकडे एकतर्फी प्रेमाने पेटलेली बाई म्हणूनच पाहिले जाते, कॅमेरा तिच्या मनाआधी तिच्या अंगावर फिरतो, आणि कथेचा भार तिचे ज्याच्यावर प्रेम आहे तो कुमार, त्याची प्रेयसी सपना आणि मारामाऱ्या यांच्याकडे सरकतो. सवंग चित्रपट अशाच रीतीने चालतात. लोकांच्या मनातली खरीखुरी भीती ते उचलतात आणि थोड्या वेळाने ती टाकून देऊन भडक काहीतरी दाखवतात. रामसेंना याहून चांगले जमत होते, म्हणूनच मला वाईट वाटते. ‘पुराना मंदिर’मध्येही शाप बायकांच्या बाळंतपणावरचाच होता. घराण्यातली स्त्री बाळंतपणात मरते, म्हणून बाप मुलीच्या लग्नाच्या आड येतो आणि म्हणून ती मुलगी हवेलीकडे निघते. तिथला विनोदही पुष्कळ लांबला आहे, जगदीप यांचा तो ‘शोले’च्या चालीवरचा डाकू कथेशी फारसा जोडलेला नाही, पण शापाचा धागा शेवटपर्यंत हातात राहतो आणि मुलगी स्वतःचे ओझे उतरवायला निघाली आहे हे आपण विसरत नाही. ‘बंद दरवाजा’त तो धागा मध्येच सुटला.

म्हणून वडसा भाऊंना मी विचारू इच्छिते की दिवसाची दृश्ये फिकी पडली ती केवळ पैशाअभावी, असे आपण म्हणू शकतो का? आई आणि मुलगी एका खोलीत बसून बोलत आहेत, या दृश्याला किती खर्च येतो?

वडसा प्रकाशयोजना

ताई, आपला मुद्दा मान्य आहे. त्या दृश्याला एक खाट आणि एक कंदील पुरला असता. झाडीपट्टीतल्या नाटकात मायलेकींचा असा प्रवेश हमखास असतो आणि गाणी-विनोदाला आलेला प्रेक्षकही त्या वेळी शांत बसतो. तरी एवढे सांगतो की वितरक चित्रपट उचलताना गाणी किती, मारामाऱ्या किती, हे विचारतो, मायलेकींच्या प्रवेशाची चौकशी कोणी करत नाही. निर्मात्याने त्याला शरण जावे की नाही, हा त्याच्या धारिष्ट्याचा प्रश्न आहे.

सातपुडा पायथा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचा प्रतिसाद वाचून बंधूंना फोन केला आणि करारानंतरचे काय आठवते ते विचारले. त्यांना काम्या फारशी आठवत नाही, पण पहाडीवर गेलेली तिची आई मात्र स्पष्ट आठवते, आणि तंबूत बायकांच्या बाजूला त्या वेळी कोणीही बोलत नव्हते असे ते म्हणाले. जुना ऑपरेटर काकाजी, आता एक शेवटची शंका आहे. डीव्हीडीवर मी स्वतः गाणी आणि विनोद ओलांडून पुढे गेलो, तर तंबूतल्या खेळाच्या जवळपास पोहोचता येईल का?

जुना ऑपरेटर

भाऊ, लांबीच्या दृष्टीने पोहोचाल, आणि उत्तरार्ध आजच्यापेक्षा नक्कीच बरा वाटेल. फक्त पहिल्या भागातले काही वगळू नका, तिथे एकही मिनिट वाया गेलेले नाही. शेवटी नेवल्यासमोर निरनिराळ्या धर्मांची पवित्र चिन्हे उभी केली जातात, तेही पूर्ण पाहा, कारण तंबूत त्या दृश्याला सर्व बाजूंनी टाळ्या पडत आणि आम्ही ते रीळ कधीही काढले नाही.

मात्र शिक्षिकाबाईंनी जे म्हटले आहे ते रिळे वगळून साधणारे नाही. आम्ही पेटीत ठेवलेल्या रिळांत मायलेकींचा तसा प्रवेश कुठेही नव्हता, तो मुळात चित्रपटातच नव्हता. १९९३ साली हेच रामसे बंधू ‘झी हॉरर शो’ घेऊन दूरचित्रवाणीवर आले आणि गावोगावी केबलवर लोकांनी तो आवडीने पाहिला. तिथे गाण्यांची सक्ती नव्हती आणि एका भागाची लांबीही आटोपशीर होती, त्यामुळे एकाच भीतीचा माग शेवटपर्यंत धरणे त्यांना तुलनेने सोपे गेले. बंधूंना घेऊन बसणार असाल तर टीव्हीचा उजेड वाढवू नका, खोलीतला दिवा बंद करा, म्हणजे गुहेतली दृश्ये गंगू रामसे यांनी जशी घेतली होती त्याच्या बरीच जवळ दिसतील.